स्क्रू कुठे गेले?

चांदणी चौक मागे पडला, पिरंगुट आणि पौड ओलांडलं की होर्डिंग्ज सुरू होतात. लेक व्ह्यू, व्हॅली व्ह्यू, क्लाउड समथिंग. नावं वेगळी, फोटो एकच. लाकडी डेक, दोन आरामखुर्च्या, एक कॉफी मग आणि समोर धुकं. आपल्या आजीच्या स्वप्नात अंगण होतं, आईच्या स्वप्नात टेरेस फ्लॅट होता, आपल्या स्वप्नात डेक आहे. इट्स ऑफिशियल!

फक्त होर्डिंगवरचा फोटो डेक बांधल्याच्या दुसऱ्या दिवशी काढलेला असतो. दोन पावसाळ्यांनंतरचा फोटो कुणीच छापत नाही. मुळशीचा पाऊस म्हणजे काय चीज आहे ते ऐकून ठेवा: जुलै २०२४ मध्ये इथल्या ताम्हिणीत चोवीस तासांत साडेपाचशे मिलीमीटरहून जास्त पाऊस पडला होता. म्हणजे जून ते सप्टेंबर लाकूड पाणी पिणार आणि मे महिन्यात तेच लाकूड तडतड वाळणार. फळ्या वाट्यांसारख्या वळतात, स्क्रूभोवती काळी वर्तुळं उमटतात आणि हळूहळू स्क्रूची डोकी वर येतात.

आमच्या घरी हा विषय गंभीर झाला तो त्या डोक्यांमुळे. बाबांनी रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशांतून मुळशीत दोन खोल्यांचं रीसेल घर घेतलं, त्याबरोबर डेक फुकट आला. आई घरात काय, दारात काय, अनवाणी फिरणारी. एका स्क्रूचं डोकं तिच्या टाचेत घुसलं. तुम्ही म्हणाल, त्यात काय, बँड-एड लावा. पण आईला पंधरा वर्षांचा डायबेटिस आहे. ती जखम भरायला अडीच महिने लागले. त्यातले तीन आठवडे डॉक्टर रोज ड्रेसिंग उघडून बघायचे आणि आम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचो. त्यानंतर आईने डेककडे जाणाऱ्या दारासमोर खुर्ची लावून टाकली. विषय संपला. ज्या घरासाठी बाबांनी फंड मोडला, त्या घराची सगळ्यात चांगली जागा बंद.

चप्पल घाल, असं सांगून पाहिलं. तुमची आई ऐकते का?

मग मी शोधाशोध सुरू केली आणि 'हिडन फास्टनर' हा शब्द सापडला. आयडिया सोपी आहे. फळीला वरून स्क्रू मारायचाच नाही. फळीच्या दोन्ही कडांना लांबीभर एक खाच पाडायची (हे काम राउटर नावाचं यंत्र करतं, वायफायवाला नव्हे). त्या खाचेत एक छोटी स्टीलची क्लिप बसते. स्क्रू क्लिपमधून खालच्या वाशात जातो, मग पुढची फळी सरकवून त्याच क्लिपवर बसवायची. क्लिपचा मधला भागच दोन फळ्यांत पाच-सहा मिलीमीटरची फट राखतो. वरून बघाल तर नुसतं लाकूड. ना डोकं, ना भोक.

फॅशन मासिकांत याचं कौतुक 'क्लीन लुक' म्हणून होतं. लुक वगैरे ठीक आहे हो, पण खरा मुद्दा हिशेबाचा आहे. आमचा डेक सोळा फूट बाय बारा फूट. १४० मिलीमीटर रुंदीच्या फळ्यांच्या पंचवीस ओळी, खाली दर ४०० मिलीमीटरवर एक असे तेरा वासे. प्रत्येक ठिकाणी वरून दोन स्क्रू मारले तर साडेसहाशे भोकं होतात. पाणी आत शिरायला साडेसहाशे दारं! शिवाय लाकूड ओलं झालं की लांबीत फारसं वाढत नाही, रुंदीत वाढतं. तेवढ्या रुंदीची सागाची फळी मे ते ऑगस्ट दोन-अडीच मिलीमीटर सहज फुगू शकते. पंचवीस ओळींचे मिळून सहा सेंटीमीटर. ही वाढ कुठेतरी जाणारच. दोन स्क्रूंनी जखडलेली फळी मग चिरते, नाहीतर वळते, नाहीतर वर्षा-दोन वर्षांत स्क्रूच उचलते. क्लिप फळीला खाली धरते, पण आडवं जरा हलू देते.

बाबांना हे सगळं पटलं, कोटेशन येईपर्यंत. "अगं, जे दिसणारच नाही त्याला एवढे पैसे?" यावर माझ्याकडे उत्तर एकच होतं, दारासमोरची खुर्ची. मी तिच्याकडे फक्त बोट दाखवलं.

आता मिस्त्री. पहिल्या दोघांनी 'वरून स्क्रू मारू, पुट्टी भरू, कळणार पण नाही' असं सांगितलं. (पुट्टी एका पावसाळ्यात सुटते. तिसऱ्याला विचारा.) तिसरे मिस्त्री इथलेच, साठीच्या पुढचे. त्यांनी क्लिप हातात घेतली, उलटसुलट केली आणि खिशातून लोहचुंबक काढून तिला लावला. खटकन चिकटला. "ताई, हे काळा रंग मारलेलं लोखंड हाय. सागाला लोखंड चालत नाय, काळं पडतं." बरोबरच होतं. सागात टॅनिन असतं, ओल्या लाकडात त्याची लोखंडाशी गाठ पडली की शाईसारखा काळा डाग उठतो.

मग स्टेनलेसची खरेदी. इथे एक टिप, कापून ठेवा. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसला चुंबक जवळजवळ चिकटत नाही, दाबून घडवलेल्या स्क्रूला थोडा ओढ खातो इतकंच. पण २०२ नावाचं स्वस्त स्टेनलेसही चुंबकाला दाद देत नाही आणि ओलीत गंजतं मात्र लवकर. त्यामुळे चुंबकावर विसंबू नका, बिलावर ग्रेड लिहून घ्या. दुकानदार ३१६ गळ्यात मारू बघेल. ते अलिबागवाल्यांना लागतं, खारी हवा असते. मुळशीला ३०४ पुरतं.

लाकडासाठी आम्ही भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलो. नवा साग आम्ही फक्त फळ्यांसाठी घेतला, तोही गाभ्याचा. कडेचं फिकट पांढरं लाकूड मिस्त्रींनी एकेक फळी उन्हात धरून बाजूला काढलं, कारण वाळवी आणि बुरशी आधी तिथेच लागते. चंद्रपूर भागातला साग अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेला, २०२३ मध्ये त्याची मिरवणूक निघाली होती, तेव्हापासून प्रत्येक दुकानदाराचा साग चंद्रपूरचाच असतो. असो. वासे मात्र पाडलेल्या जुन्या वाड्याच्या तुळया चिरून घेतले. शंभर वर्षं वाळलेलं लाकूड, ते आता काय हलणार?

त्या तुळयांना टोकाशी चौकोनी खाचा होत्या आणि एकीत लाकडाची खुंटी अजून अडकलेली होती. मिस्त्रींनी ती हातोडीच्या दोन टोल्यांत बाहेर काढली आणि माझ्या हातात दिली. एका खांबाची जीभ तुळईच्या खाचेत, आणि दोन्हींमधून आडवी खुंटी. मोठा भार या जोडावर. हिडन फास्टनर म्हणजे लेटेस्ट काहीतरी, या समजुतीत मी चार महिने होते! (उलट शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचे ते अणकुचीदार खिळे बघा. ते दिसावेत म्हणूनच ठोकलेत, हत्तींना. पाहुण्यांसाठी वेगळा नियम.)

मिस्त्रींनी मग घरचीच गोष्ट सांगितली. समोरचं पाणी टाटांच्या धरणाचं. त्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला, तो १९२४ पर्यंत चालला, आणि शेवटी धरण झालंच. गावं पाण्याखाली गेली. मिस्त्रींचे पणजोबा सुतारच होते. त्यांनी घर सोडताना खुंट्या काढल्या, खांब-तुळया सुट्या केल्या आणि बैलगाडीत घालून वर नेल्या. "खिळं मारलेलं असतं तर फोडावं लागलं असतं. खुंटीचं घर सुटतं."

हे सांगून त्यांनी माझ्या क्लिपच्या प्लॅनमध्ये खोट काढली. मधली एखादी फळी खराब झाली तर? क्लिपमध्ये ती दोन्ही बाजूंनी अडकलेली, कडेपासून एकेक फळी काढत यावं लागणार. कॅटलॉगमध्ये हे बारीक अक्षरात सुद्धा नसतं. शिवाय खाचेत पाला आणि माती साचते, तिथे ओल धरते.

आमची जमीन उताराची. खालच्या अंगाला डेक जमिनीपासून चार फूट वर, वरच्या अंगाला जेमतेम फूटभर. म्हणून वरच्या अर्ध्या भागात क्लिप, आणि जिथे माणूस खाली शिरू शकतो तिथे वाशाच्या बाजूला स्टेनलेसचे अँगल लावून फळ्या खालून स्क्रूने धरल्या. अँगलचं फळीकडचं भोक गोल नाही, लांबट, म्हणजे फळीला फुगायला जागा. या भागातली कुठलीही फळी खालून चार वळणं देऊन काढता येते. मिस्त्री पाठीवर झोपून, डोळ्यांत भुसा झेलत हे काम आठ दिवस करत होते. त्या आठ दिवसांची मजुरी बाबांनी न मागता वाढवली.

आणि हो, सगळे स्क्रू काही लपत नाहीत. पहिली आणि शेवटची फळी वरूनच धरावी लागते. तिथे स्क्रू खोल बुडवून वर सागाचीच गोल बूच बसवली, रेषा जुळवून. पाहुण्यांना मी हमखास विचारते, शोधा. अजून एकालाच सापडलीत. तो इंटिरिअर डिझायनर होता, त्याचे मार्क धरत नाही.

डेकचा पहिला पावसाळा झाला. ऑगस्टमध्ये फटी पातळ झाल्या, अगदी पोस्टकार्ड जाईल एवढ्याच. दिवाळीला पुन्हा मोकळ्या. तेव्हा मिस्त्री येऊन खाली शिरले, पाचसहा स्क्रू आवळले आणि एक वळलेली फळी बदलली. चहा होईपर्यंत काम झालं. दारासमोरची खुर्ची आता डेकवर असते. आईने पहिल्या दिवशी त्या खुर्चीवर बसून अख्ख्या डेकवरून हात फिरवला, जिथवर पोहोचेल तिथवर, तांदूळ निवडताना फिरवते तसा. मग उठून चालली. अनवाणी, अर्थातच.

तिची तक्रार सध्या फटींबद्दल आहे. त्यातून तिच्या दोन हेअरपिना आणि शेजारच्या बाळाचं एक पैंजण खाली गेलंय. पैंजण अँगलच्या बाजूला पडलं असतं तर मीच काढलं असतं. ते नेमकं क्लिपच्या बाजूला आहे.