तान्जिरोची जाग

२०२२ साली नगर-आष्टी लोहमार्ग सुरू होऊन आमच्या कडा गावाला स्थानक लाभले, तेव्हापासून आगगाडीची कोणतीही कथा मला अधिकच जिव्हाळ्याची वाटते. परंतु ‘डीमन स्लेयर’ या जपानी चित्रमालिकेचे कथानक पुढे नेणाऱ्या ‘मुगेन ट्रेन’ या २०२० सालच्या चित्रपटाने मनाचा जो ठाव घेतला, त्याचे कारण केवळ आगगाडी नव्हे. कोळसे विकून घर चालवणारा तान्जिरो राक्षसी झालेल्या बहिणीला लाकडी पेटीत घालून पाठीवर वाहतो, आणि ज्याचा शिरच्छेद केला त्या राक्षसाचाही हात अंतकाळी करुणेने धरतो, ही मालिकेची थोरवी. चित्रपटात तो गाडीत निद्रावश होतो. स्वप्नात मृत आई नि भावंडे बर्फाच्छादित घरी जिवंत भेटतात, आणि जागे होण्यासाठी त्याला स्वतःच्याच मानेवर तलवार चालवावी लागते! असा निग्रह मी क्वचितच पडद्यावर पाहिला आहे. पुढे, सर्व उतारूंचे प्राण राखून पहाटे धारातीर्थी पडणारा राक्षससंहारक योद्धा रेंगोकू तर शौर्याची साक्षात मूर्तीच. मात्र मालिका पाहिल्यावाचून चित्रपटास हात घालू नये, आणि दोन्ही मूळ जपानी आवाजांतच पाहावीत, ही वाचकांस माझी आग्रहाची विनंती.