दोन डोकीं, एक देह

पंचतंत्रांतील भारुंड पक्ष्याची गोष्ट आमच्या वाचकांच्या घरांतून अजूनहि सांगितली जात असेल. पोट एक, चोंची दोन. एका चोंचीस गोड फळ मिळालें, तें तिनें दुसरीस चाखूं दिलें नाहीं. दुसरीनें त्या रागाच्या भरांत विषारी फळ गिळलें आणि दोघींचाहि शेवट झाला. घरांत वाटणीची भाषा निघाली कीं आमचे आजोबा हीच गोष्ट काढीत, आणि ऐकणारे दोन्ही पक्ष ती समोरच्यासच लागू आहे असें समजून माना डोलावीत. असला प्राणी कोणीं प्रत्यक्ष पाळला असेल ही कल्पना मात्र आम्हांस त्या वयांत शिवली नव्हती.

अमेरिकेंतील टेनेसी विद्यापीठांत प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक गॉर्डन बर्गहार्ट यांनीं दोन डोक्यांचा एक काळा रॅट स्नेक, म्हणजे आपल्या धामणीच्या आप्तगणांतला एक साप, पुष्कळ वर्षें बाळगला होता. उपजत प्रेरणा आणि मन या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन त्याचें नांव 'आय्-एम्' ठेवलें होतें. भक्ष्य पुढें आलें कीं दोन्ही डोकीं त्यासाठीं झगडत. घास कोणत्याहि घशानें उतरला तरी पोसणार तें एकच शरीर, हा विचार दोघांसहि सुचत नसे. इतकेंच नव्हे, तर अशा सापाच्या एका डोक्यास दुसऱ्यावर भक्ष्याचा वास आला कीं तें दुसऱ्या डोक्यासच गिळावयास धांवतें. पंचतंत्रकारानें हें पाहिलें नसतां लिहिलें असेल, तर त्याच्या मनुष्यस्वभावाच्या परीक्षेस नमस्कार केला पाहिजे.

सेंट लुईस शहरांतील मत्स्यालयांत असाच एक पांढरा, दोन डोक्यांचा रॅट स्नेक होता. संस्थेनें तो १९९९ सालीं १५,००० डॉलरांस घेतला आणि २००७ सालीं तो वारला. त्याचें नांव 'वी', म्हणजे 'आम्ही'! एक डोकें असून हें सर्वनाम वापरणाऱ्या आमच्यासारख्या लेखकांपेक्षां त्याचा त्यावरील अधिकार निःसंशय मोठा होता.

हें घडतें कसें? मनुष्याचीं जुळीं ज्या रीतीनें होतात तीच ही रीत. एकाच गर्भाचे दोन होऊं लागतात आणि तें काम अर्ध्यावर थांबतें. पुरतें झालें तर जुळीं भावंडें, राहिलें तर जोडदेह. जरासंधाच्या कथेंत दोन शकलें जोडून एक बालक झालें. येथें प्रकार नेमका उलट, एकाचे दोन होतां होतां राहतात. असे जीव रानांत सहसा टिकत नाहींत. एका डोक्यास डावीकडे, दुसऱ्यास उजवीकडे जावयाचें असतें, आणि वरून घार पाहत असते. जिनीव्हाच्या निसर्गेतिहास संग्रहालयांत ३ सप्टेंबर १९९७ रोजीं उबवणीच्या पेटींत जन्मलेलें 'जेनस' नांवाचें कासव मात्र २०२२ सालीं पंचविशी गांठूं शकलें, तें केवळ माणसांच्या सेवेमुळें. त्यास दोन हृदयें आहेत आणि फुप्फुसांच्याहि दोन जोड्या आहेत, परंतु दोन्ही डोकीं पाठीच्या ढालींत ओढून घेण्यास जागा नाहीं. कासवानें कासवासारखें लपावयाचें तेंच त्याच्या नशिबीं नाहीं.

आपल्याकडेहि २०२० सालीं कल्याणास दोन डोक्यांचें घोणशीचें पिल्लूं सांपडलें होतें. परंतु आपल्या लोकांचा खरा लोभ बिचाऱ्या मांडुळावर! त्याची शेंपटी बोथट, म्हणून तो 'दुतोंड्या', आणि दुतोंड्या म्हणून तो गुप्तधन दाखविणारा. डोकें एकच असलेल्या या निरुपद्रवी सापाची १९७२ च्या वन्यजीव कायद्यास न जुमानतां चोरटी विक्री चालते. कित्येक गारुडी तर शेंपटीवर तोंड कोरून दुसरें डोकें तयार करीत आले आहेत. निसर्गानें चूक केली नाहीं तर ती आपण करावयाची, असा हा व्यवहार.

कोळ्यांची हकीकत आम्हांस अधिक उद्बोधक वाटली. पोलंडांतील तोरून येथील विद्यापीठांत घरकोळ्याच्या एका जातीचीं अंडीं १२ तास १४ अंशांवर आणि पुढील १२ तास ३२ अंशांवर, अशीं आळीपाळीनें ठेवण्याचे प्रयोग बरींच वर्षें चालले आहेत. त्यांतून निघालेल्या कांहीं पिल्लांस पाय कमी असतात, कांहींस अधिक. कांहींचे पाय एकमेकांस चिकटलेले, तर क्वचित् एखाद्यास पुढचें अंगच दुहेरी. मोठाल्या केसाळ टॅरँट्युला कोळ्यांचे षोकी लोक सांगतात कीं त्यांच्या अंडकोशांतहि कधीं जोडपिल्लें निघतात. परंतु कोळ्यास वाढावयाचें तर कात टाकावी लागते, आणि वेड्यावांकड्या देहास जुन्या कातींतून सुटणें कठीण. पुढें तुटलेला पाय कातींबरोबर पुन्हां फुटतो. जन्मतःच बिघडलेल्या घडणीची गोष्ट वेगळी.

हा प्रयोग आम्हीं मुद्दाम आमच्या थोरल्या काकूंस वाचून दाखविला. त्यांचा पहिला मुलगा दुभंगलेल्या ओठाचा जन्मला. ग्रहणांत त्या विळीवर बसल्या होत्या, असा घरांतील वडीलधाऱ्या बायकांनीं हिशेब लावला, आणि पुढें मुलाचा ओठ डॉक्टरांनीं शिवून चांगला केला तरी तो हिशेब कोणींच पुसला नाहीं. मंगलकार्यांत भाजी चिरावयास त्यांस कोणी बोलावीत नसे. वास्तविक, गर्भाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यांत जुळतो, आणि तें ग्रहण लागलें तेव्हां काकूंस सातवा महिना होता. ओठ केव्हांच घडून गेला होता. दोष कांहीं अंशीं आनुवंशिक, कांहीं अंशीं इतर कारणांनीं येतो. ग्रहणाचा आणि विळीचा त्याशीं कांहीं संबंध नाहीं. काकू ऐंशीच्या पुढें आहेत. सर्व ऐकून घेऊन त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "त्या कोळिणीस कोणीं विचारलें का रे, तूं काय चिरलेंस म्हणून?"

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

निसर्गतः किंवा अपघातानें आलेलें व्यंग निराळें, आणि जाणूनबुजून पैदा केलेलें निराळें. आमचा एक पुतण्या नोकरीनिमित्त इंग्लंडांत असतो व तेथें पश्चिम आफ्रिकेंतील 'बॉल पायथन' जातीचे लहान अजगर पाळतो. त्यांत 'स्पायडर' म्हणून एक वाण आहे. १९९९ च्या सुमारास अमेरिकेंत आलेल्या एकाच जनावरापासून तो चालत आला. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक नक्षी, म्हणून मागणी मोठी. परंतु ज्या गुणानें नक्षी येते त्याच गुणानें अंतर्कर्णाची घडण बिघडते, असें २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. त्या सापाचें डोकें डोलतें, मान पिळवटते, कधीं तो उताणा होऊन पडतो. एका अजगराकडून सरासरीनें निम्म्या पिल्लांस नक्षी मिळते, आणि नक्षीबरोबर हा डोलहि. दिसण्यासाठीं तोल विकत घेण्याचा हा सौदा आम्हांस मुळींच रुचत नाहीं.

पुतण्यानें गेल्या हिवाळ्यांत विचारलें होतें, एका मित्रानें असा नर देऊं केला आहे, जोडीस मादी आणून पिल्लें विकलीं तर खर्च सहज निघेल. आपलें मत काय? आम्हीं काकूंचा प्रश्न त्यास जसाच्या तसा लिहून कळविला. त्यावर महिनाभर पत्र नाहीं. नंतर आलें, तें असें: नर आणला आहे, कारण मित्र त्यास टाकून देणार होता, मादी आणलेली नाहीं. उंदीर चिमट्यानें अगदीं तोंडाजवळ धरावा लागतो, तरी दोन-तीनदां नेम चुकतो. चवथ्यांदां तो धरतो.