शिवसागरावर जाताय? मग एवढं ऐकाच!

मैत्रिणींनो, मुलांच्या परीक्षा संपल्या की घरोघरी एकच विषय निघतो, यंदा कुठं जायचं? महाबळेश्वर झालेलं असतं, पाचगणी झालेली असते. मग कोणीतरी म्हणतं, "तापोळ्याला जाऊ या, लाँचमध्ये बसू या!" तापोळ्याला 'मिनी काश्मीर' म्हणतात हे सर्वांना माहीत असतं. पण लाँचमध्ये बसायचं म्हणजे नेमकं काय काय करायचं आणि काय करायचं नाही, हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं. बसमध्ये कसं चढायचं, रस्ता कसा ओलांडायचा, हे आईनं बोट धरून शिकवलं. पाण्याचे रीतिरिवाज मात्र मी पन्नाशीनंतर शिकले, आणि तेही चांगलीच घाबरल्यावर. तीच हकीगत आज तुम्हाला सांगायची आहे.

झालं असं, की आमच्या सासूबाईंचं माहेर कोयनाकाठचं. पुस्तकात नकाशावर शोधाल तर सापडणार नाही. साठीच्या दशकात कोयनेचं धरण बांधून झालं, मागे पाणी चढत गेलं आणि शेतं, घरं, देवळं त्याखाली गेली. सासूबाई तेव्हा परकरातल्या. त्यांच्या माणसांना ठाणे जिल्ह्यात जमिनी मिळाल्या, सगळे तिकडे गेले. तेव्हापासून पंचाहत्तरी उलटेपर्यंत त्या एकदाही परत गेल्या नव्हत्या. गेल्या वर्षी संक्रांतीनंतर एक दिवस जेवता जेवता म्हणाल्या, "एकदा माहेरची ओटी भरून येईन म्हणते." आता पाण्याखालच्या माहेराची ओटी कशी भरायची? पण आमचे हे लगेच तयार झाले. नणंद-नंदावे, धाकटे दीर-जाऊ, मुलंबाळं असा चांगला अकरा मोठ्यांचा आणि तीन पोरांचा लवाजमा निघाला.

साताऱ्याहून कास पठारावरून बामणोलीला उतरलो. हेच ते फुलांचं पठार. २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं. फुलं मात्र ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, आम्हाला दिसलं ते नुसतं पिवळं गवत. घाट उतरला आणि खाली शिवसागर दिसला. साधारण ५० किलोमीटर लांबीचा, डोंगरांच्या घड्यांमधून हात-पाय पसरलेला जलाशय! कोयना, सोळशी आणि कांदाटी या तिघींचा संगम याच पाण्यात आहे. सासूबाई काही बोलल्या नाहीत. नुसता पदर डोक्यावर घेतला.

माणसं मोजताना मुलंही मोजा

धक्क्यावर पोचताच पहिली वादावादी झाली. बोटीवर बारा माणसांची पाटी होती. आमचे नंदावे म्हणाले, "अकरा तर आहोत, पोरं काय मोजायची?" बोटवाला ऐकेना. तीन पोरं म्हणजे तीन माणसं, चौदा होतात, दोन बोटी करा, नाहीतर राहू द्या म्हणाला. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला चार शब्द सुनावले, पैसे काढायची युक्ती म्हटलं. आज ते आठवलं की लाज वाटते. अहो, बोटीला मूल आणि मोठा कळत नाही, तिला वजन कळतं. वजन वाढलं की बोट पाण्यात खाली बसते, कडा पाण्याजवळ येते आणि मग साधी लाटही आत शिरते. पाटीवरचा आकडा नावाड्याचा नसतो, बोटीच्या ताकदीचा असतो. तो नावाड्याला विनवून वाढवून घ्यायचा नाही. उलट जो नावाडी "बसा हो, मावतंय" म्हणेल, त्याच्या बोटीत पाऊल ठेवू नका.

इंजिनवर चालणाऱ्या बोटींसाठी कायदाही आहे बरं का. १९१७ सालचा जुना कायदा जाऊन २०२१ साली अंतर्देशीय जलयान अधिनियम आला. बोटीची नोंदणी हवी, ठरावीक मुदतीनं तपासणी हवी, चालवणाऱ्याकडे लायकीचं प्रमाणपत्र हवं. आपण भाजी घेताना देठ मोडून बघतो, मग बोटीत बसण्यापूर्वी तिचा नंबर रंगवलेला आहे का, जाकिटं पुरेशी आहेत का, एवढं विचारायला संकोच कसला?

साडीची घडी की जीव?

आता जाकिटाची गोष्ट. मी इरकल नेसले होते. ते नारिंगी, दमट वासाचं जाकीट बघून मी म्हटलं, "मांडीवर ठेवते, लागलं तर घालीन." नावाडी म्हणाला, "ताई, लागेल तेव्हा घालायला वेळ नसतो." किती खरं होतं ते! आठवून पाहा, आपल्या वडीलधाऱ्यांनी विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला सुका भोपळा बांधला होता ना? पाण्यात पडल्यावर कोणी भोपळा शोधत नसे. जाकीट म्हणजे तोच भोपळा. काठावरच घालायचं, सगळे पट्टे आवळायचे. खांद्याशी धरून वर ओढून बघायचं. कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे. मुलांना मोठ्यांचं जाकीट चालत नाही, पाण्यात पडल्यावर मूल त्यातून खाली निसटतं. लहान मापाचं मागून घ्या, आणि नसलं तर मुलांना बोटीत नेऊ नका. एक दिवस हिरमुसली तरी चालतील.

कपडे म्हणाल तर सुती, हलके आणि आटोपशीर. साडीच नेसायची तर पदर खोचून पिन लावा, निऱ्या घोट्याच्या वर घ्या. ओढणीला गाठ मारा. काही बोटींत इंजिनचा फिरता दांडा आणि पट्टा उघडाच असतो, मोकळा पदर किंवा सुटे केस त्यात गुंतायला क्षण लागत नाही. म्हणून इंजिनजवळची जागा बायकांनी आणि मुलांनी टाळावी. चपला सपाट, मागे पट्टा असलेल्या. ज्यांना पाण्यावर मळमळतं त्यांनी रिकाम्या पोटी बसू नये. कोरडी भाकरी किंवा दशमी खावी, आलेपाकाची वडी तोंडात धरावी आणि नजर लांबच्या डोंगरावर ठेवावी.

चढण्याचीही रीत आहे. एका वेळी एकानं. हातात पिशवी नको, सामान आधी आत द्यायचं. उडी मारायची नाही, कडेवर उभं राहायचं नाही, पाय बोटीच्या मधोमध टाकायचा आणि लगेच खाली बसायचं. बोट आणि धक्का यांच्या फटीत हात-पाय कधीच घालू नये. बोट लाटेनं आपटली की बोटं चिरडतात. आणि विडी-सिगारेट पूर्ण बंद. टाकीत तेल ओतत असतील तर आपण काठावरच थांबावं.

पाण्यावरचे रस्ते

बोट सुटली. पाणी शांत, वारा गार. नावाडी बोलका होता, त्याच्याकडून मी बरंच शिकून घेतलं. पाण्यावर पांढरे पट्टे नसतात, पण नियम असतात. समोरासमोर दोन बोटी आल्या तर दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं, म्हणजे आपल्या रस्त्यांच्या बरोबर उलट! आडवी वाट असेल तर जिच्या उजव्या हाताला दुसरी बोट, तिनं थांबायचं. मागून पुढे जाणाऱ्यानं पुढच्याला सांभाळून जायचं. आणि इंजिनवालीनं वल्ह्याच्या होडीला नेहमी वाट द्यायची. जिच्या अंगात जोर जास्त, तिनं नमतं घ्यायचं. घरातही हा नियम असता तर किती बरं झालं असतं!

काठाजवळ वेग कमी करायचा. बोटीमागे जी लाट उठते ती आपल्याला दिसत नाही, पण काठावर धुणं धुणाऱ्या बाईचे कपडे ती वाहून नेते, मासेमाराची छोटी होडी हेलकावते. पाण्यावर रिकाम्या बाटल्या ओळीनं तरंगताना दिसल्या तर तो कचरा समजू नका, खाली जाळं असतं. त्यावरून बोट गेली तर जाळं फाटतं आणि पंख्यात अडकून आपलं इंजिनही बंद पडतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या झाडांचे बुंधे पाण्याच्या जरा खाली असतात. ते नावाड्यालाच ठाऊक, म्हणून "अजून काठानं घ्या ना" असा हट्ट धरू नये.

आणखी एक. आपल्याला जी सहल वाटते ती तिथल्या माणसांची एसटी आहे. पलीकडच्या कितीतरी वाड्यांना बाजार, दवाखाना, शाळा यांसाठी लाँचचाच आधार. मोठ्यानं गाणी लावणं, त्यांच्या फेरीच्या बोटीत सामान पसरून बसणं, हे बरं नव्हे.

तो एक क्षण

अर्ध्या तासानं नावाड्यानं इंजिन बंद केलं. डोंगराचा एक सुळका आणि ओढ्याचं तोंड यांचा अंदाज घेऊन म्हणाला, "आजी, तुमचं गाव साधारण हितंच असंल." एकदम शांतता. सासूबाईंनी थरथरत्या हातांनी पिशवीतून तांदूळ, फुलं, नारळ, खण काढला आणि कडेकडे वळल्या. आणि आम्ही काय केलं? सगळेच्या सगळे मोबाईल काढून त्यांच्या बाजूला उठलो! तो फोटो कोणालाच चुकवायचा नव्हता. दुसऱ्याच क्षणी बोट कलली. पाणी कडेवरून आत आलं. सासूबाई पुढे झुकल्या त्या झुकल्याच. मी त्यांच्या जाकिटाचा पट्टा धरला, नावाडी ओरडला, "बसा खाली! आहे तिथं बसा!" सगळे जागच्या जागी मटकन बसलो. बोट दोन हेलकावे खाऊन सावरली. माझ्या हातात तो पट्टा घट्ट आवळलेला होता, सोडवता सोडवेना.

घरी आल्यावर वाचलं, की ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळात थेक्कडीच्या तलावात बोट उलटून ४५ माणसं गेली. काठावरची जनावरं बघायला प्रवासी एका बाजूला सरकले होते, असं तेव्हा सांगितलं गेलं. अंगावर काटा आला. आम्ही तरी वेगळं काय केलं होतं?

म्हणून मैत्रिणींनो, बोटीत उभं राहायचं नाही. जागा बदलायची तर नावाड्याला विचारून, एकेकानं, वाकून. फोटो बसूनच. कधी दुर्दैवानं बोट उलटलीच तर काठ कितीही जवळ दिसो, पोहत निघू नका. उलटलेली बोट बहुधा तरंगत राहते, तिला धरून राहा, मदत येईपर्यंत. आणि दुसरं कोणी पडलं तर मागोमाग उडी मारू नका. दोर टाका, टोपण लावलेला रिकामा डबा टाका.

वाऱ्यालाही मान द्या. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचा वारा कधी उठेल सांगता येत नाही. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणं बुडाली. तेव्हा फेरी सकाळची धरा, आभाळ भरलं तर पैसे गेले तरी चालतील, परत फिरा. नावाडी "आज नको" म्हणाला तर वाद घालू नका. सूर्य मावळण्यापूर्वी काठाला लागा. वासोट्याला जाणार असाल, तोच व्याघ्रगड, जिथं ताई तेलिणीनं बापू गोखल्यांशी झुंज दिली, तर वनखात्याची परवानगी काढा. ते अभयारण्य आहे. पावसाळ्यात ती वाट बंद असते.

बोट सावरल्यावर कोणी बोलत नव्हतं. नावाड्यानं दोघांना पलीकडे सरकवलं, सासूबाईंना फळीच्या मधोमध बसवलं आणि म्हणाला, "आता टाका आजी, सावकाश." त्यांनी तांदूळ आणि फुलं पाण्यात सोडली. नारळ आणि खण मात्र हातातच ठेवला. पिशवी घडी करून कमरेला खोचली. हे पाणी लोक पितात, त्यात काही टाकायचं नाही, एवढं त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

परत धक्क्याला लागलो तर फेरीच्या लाँचची वाट बघत एक बाई धान्याचं पोतं घेऊन बसली होती, कडेवर लेकरू. सासूबाईंनी तिला गाव विचारलं. पलीकडच्या, डोंगरावर वर सरकलेल्या एका वाडीचं नाव तिनं सांगितलं. सासूबाईंनी तिथंच, सगळ्यांसमोर, तिची ओटी भरली. खण, नारळ तिच्या पदरात घातला. ती गोंधळली, मग वाकून पाया पडली आणि म्हणाली, "आत्या, परत याल तवा घरी या."

सासूबाई आता पुन्हा जायचं म्हणताहेत. या वेळी दोन बोटी आधीच सांगून ठेवल्यात, आणि मुलांच्या मापाची जाकिटं मी स्वतः विकत आणली आहेत.