लाल दिवा

सॉफ्टवेअरवाल्यांना वॉर्निंगची भीती राहिलेली नसते. कोड कंपाइल केला की शे-दोनशे वॉर्निंग्ज सरसर वर जातात आणि आपण चहा पीत बघत बसतो. एरर नाही ना? मग चालू दे. गाडीतल्या दिव्यांनाही आपण हळूहळू हाच न्याय लावतो. 'चेक इंजिन' महिनोन्महिने पेटलेला असतो आणि गाडी पळत असते. पण ब्रेकचा लाल दिवा या पंक्तीतला नाही. का नाही, ते मध्यंतरी नीट कळलं. म्हटलं लिहून ठेवावं, कुणाला उपयोग होईल.

माझ्याकडे १९९९ सालचा एक पिकअप ट्रक आहे. पुढे केबिन, मागे उघडा हौदा. आपल्याकडे छोटा टेम्पो जी कामं करतो ती इथे मिशिगनमध्ये हा करतो. घर बदलायची वेळ आली की मित्रांना आठवण येते ती त्याची, माझी नाही :-) अशाच एका मित्राचं सामान शनिवारी हलवायचं ठरलं होतं. आणि शुक्रवारी संध्याकाळी डावीकडे वळताना लाल दिवा लागला. गाडी सरळ झाली, विझला. पुढच्या वळणावर परत लागला.

मित्राला फोन केला. तो म्हणाला, "अरे, सेन्सर असेल. जुनी गाडी आहे, व्हायचंच. ब्रेक लागतायत ना?"

लागत होते. पण नुसतं तेवढं पुरेसं नसतं. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी दिव्यांची ओळख. पिवळा एबीएसचा दिवा एकटाच लागला तर साधारणपणे एबीएस बंद पडलंय, साधे ब्रेक चालू आहेत. जोरात ब्रेक मारला तर चाकं लॉक होऊ शकतात, म्हणून बेतानं चालवत गॅरेज गाठायचं. लाल दिव्याचा संबंध थेट ब्रेकशी. आणि दोन्ही एकदम लागले तर गाडी बाजूला घ्यायची, उगाच शहाणपणा करायचा नाही.

गंमत म्हणजे जुन्या गाड्यांत हा लाल दिवा म्हणजे चक्क एक ऑर गेट असतो. बल्ब एक, त्याला जोडलेले स्विच दोन किंवा तीन. कुठलाही एक जुळला की दिवा पेटतो. पहिला स्विच पार्किंग ब्रेकचा (माझ्या ट्रकमध्ये तो हाताने ओढायचा नाही, डाव्या पायाने दाबायचा). दुसरा ब्रेक ऑइलच्या डबीतला: आत एक तरंगता फ्लोट असतो, पातळी उतरली की तो खाली जातो. तिसरा काही गाड्यांमध्ये असतो, पुढच्या आणि मागच्या ब्रेकच्या दाबात फरक पडला की जुळणारा. म्हणजे दिवा फक्त "काहीतरी झालंय" एवढंच सांगतो. कुठे झालंय ते आपण शोधायचं. थोडक्यात, बिनकामाचा एरर मेसेज!

पण डीबगिंग सोपं आहे. एकेक स्विचचा कनेक्टर काढून बघायचा. ज्याचा काढल्यावर दिवा विझला, त्या बाजूला दुखणं. बघून झालं की कनेक्टर परत लावायचा. मला तर तेवढंही करावं लागलं नाही. फक्त वळताना दिवा लागतो याचा अर्थ डबीतलं ऑइल एका बाजूला हिंदकळतंय आणि फ्लोट काठावर आहे. बॉनेट उघडलं. डबी अर्धपारदर्शक असते, बाहेरूनच दिसलं: पातळी 'मिन'च्या रेघेखाली.

इथे बहुतेक लोक बाटली आणतात, डबी भरतात, दिवा विझतो, विषय संपतो. पण ही बंद सिस्टीम आहे. ऑइल इंजिनसारखं जळत नाही. पातळी उतरायची कारणं दोनच. पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात आणि तेवढं ऑइल तिथे जाऊन बसतं. हे नैसर्गिक. नाहीतर गळती.

पुढचे पॅड बघितले, भरपूर शिल्लक. मागचे ड्रम कोरडे. मग चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि पुठ्ठा अंथरून टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो. मागच्या ब्रेककडे जाणारा स्टीलचा पाइप चॅसीच्या कडेने जातो. त्यावर एका क्लिपपाशी गंजाचा पापुद्रा, आणि तो ओला. इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. ते अशा कोपऱ्यात साचतं आणि वर्षानुवर्षं पाइप खात राहतं.

आता "लागतायत ना?" चं उत्तर. अमेरिकेत प्रवासी गाड्यांना १९६८ पासून ब्रेकचे दोन वेगळे सर्किट सक्तीचे आहेत, आणि पिकअपमध्येही तीच रचना असते: एक पुढच्या चाकांचं, एक मागच्या. एक फुटलं तरी दुसरं गाडी थांबवतं. पेडल खोल जातं, अंतर जास्त लागतं, पण थांबते. आणि गंजलेला पाइप झिरपतो तोपर्यंत ब्रेक जवळजवळ नेहमीसारखेच लागतात. तो फुटतो ते आपण जिवाच्या आकांताने पेडल दाबतो तेव्हा, कारण सर्वात जास्त दाब तेव्हाच असतो. नेमका नको तेव्हा.

मित्राला सांगितलं, उद्या ट्रक मिळणार नाही.

"एवढ्याशा थेंबासाठी?"

"हौद्यात तुझा फ्रीज आणि वॉशिंग मशीन असणार, मागच्या सीटवर तुझी पोरगी. थेंब केवढा आहे ते महत्त्वाचं नाही."

त्याने भाड्याचा ट्रक आणला. थोडा नाराज होता, असो.

पुढच्या वीकेंडला पाइपचा तो अख्खा भाग बदलला. नवीन घातला तो तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा. तो गंजत नाही आणि हाताने वाकतो. मग हवा काढायची. क्रम: सगळ्यात लांबचं मागचं उजवं चाक आधी, मग मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. बायको पेडलवर, मी खाली.

"दाब... धरून ठेव... सोड."

"अरे, किती वेळा? माझा पाय भरून आला!"

बुडबुडे थांबले, पेडल कडक झालं, दिवा विझला.

ऑइलबद्दल दोन गोष्टी. नावात ऑइल असलं तरी ते तेल नाही. चुकून इंजिन ऑइल पडलं तर रबरी सील फुगून वाया जातात. आणि ते हवेतली ओल शोषतं. ताजं डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. घाटात सतत ब्रेक मारताना हा फरक कळतो. म्हणून वर्षानुवर्षं पडलेली उघडी बाटली वापरू नका.

शेवटचं, जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, लाल दिवा क्षणभर लागला पाहिजे. ती बल्बची चाचणी असते. दिवा लागलाच नाही तर खूश होऊ नका. कदाचित आधीच्या मालकाने कटकट नको म्हणून बल्बच काढून ठेवला असेल.