जुन्या घडणीची नवी पेटी

आमच्या पेडणे महालातील हौशी मंडळाने जत्रेत 'संगीत मानापमान'मधील पदे सादर करायचे ठरविले आणि पायपेटीचा प्रश्न उभा राहिला. १९११ सालच्या या नाटकाच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ते स्वतः नामवंत पेटीवादक. मुले म्हणाली, "सर, कीबोर्ड भाड्याने आणू." हातपेटीत एक हात भात्यात गुंततो, पायपेटीप्रमाणे कीबोर्डलाही दोन्ही हात मोकळे, हे खरे. पण त्याला श्वास नाही. पायपेटीत पायाचा दाब वाढला की सूर फुलतो, कमी झाला की मिटतो.

गावातल्या जुन्या पेटीला वाळवी लागलेली. म्हणून कारागिराकडून त्याच घडणीची नवी करून घेतली. वर्गणी अपुरी पडली, तेव्हा रोषणाईचा खर्च कापला. त्यावरून कुरबूर झालीच. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, तरी मराठी रंगभूमीने तिला अंतर दिले नाही. मग चार दिव्यांसाठी आम्ही का द्यावे?

अठ्ठ्याहत्तरीतले आमचे वादक पेटीपाशी बसले, भाता दाबून पाहिला आणि म्हणाले, "सर, पांय चलतात मेरेन भुरग्यांक शिकयतां."

आता दोन विद्यार्थिनी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जातात.