रस्त्यात गेलेली जमीन कोणाची?

रस्ता सर्वांनाच हवा असतो. पण तो आपल्या बांधाच्या आतून जावा असे कोणालाही वाटत नाही. जुन्या रीतीप्रमाणे सरकार रस्त्यासाठी जमीन संपादन करते, तेव्हा ज्याचे शेत मोजणीदाराच्या रेषेखाली सापडते त्याचे शेत जाते व हाती नुकसानभरपाईची रक्कम तेवढी येते. शेजाऱ्याचे शेत मात्र दहा हातांच्या अंतराने वाचते आणि रस्ता झाल्यावर त्याच शेताची किंमत तिपटीने वाढते. एकाने सर्वस्व दिले, दुसऱ्याने काहीच दिले नाही. आणि लाभ झाला तो न देणाऱ्याला! ही रेषा किती गावांत किती सख्ख्या शेजाऱ्यांचे बोलणे बंद करून गेली असेल, ते वाचकांनी आपापल्या गावाकडे पाहून ठरवावे.

या अन्यायावर एक तोड आहे. ती आम्ही प्रथम पुस्तकात वाचली नाही. ती आमच्याच घरावर चालून आली, आणि तिच्यामुळे आमच्या घरातील एक झाकलेला अन्याय उघडा पडला. म्हणून तो वृत्तांत येथे सांगण्याचे योजिले आहे.

आमचे आजोबा वसईकडून रेल्वेच्या नोकरीनिमित्त बडोद्यास आले व येथेच राहिले. स्वातंत्र्यापूर्वी त्यांनी शहराबाहेरच्या एका खेड्यात एकरभर जमीन घेतली. तेव्हा तेथून शहराचे दिवेही दिसत नसत. पुढे शहरच चालत चालत आमच्या बांधापाशी आले, आणि २०१० च्या सुमारास एके दिवशी तलाठ्याच्या कचेरीतून बातमी आली की, गावात ‘टी.पी. पडली’. गुजरातेत नगररचना योजनेला लोक टी.पी. म्हणतात, आणि ती पाऊस पडावा किंवा धाड पडावी तशी ‘पडते’.

गावच्या शाळेत जमीनमालकांची सभा भरली. अधिकाऱ्यांनी भिंतीवर भलामोठा नकाशा लावला होता. दादांनी, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंनी, पुष्कळ वेळ त्यावर बोट फिरविले व शेवटी विचारले, “साहेब, आमचे शेत गेले कोठे?” साहेबांनी शांतपणे उत्तर दिले, “काका, कोणाचेच शेत जागेवर राहिलेले नाही. सर्वांची जमीन एकत्र केली आहे. प्रत्येकाच्या जमिनीतून सारख्या प्रमाणात कपात करून, उरलेली सरळ आखून ज्याची त्याला परत द्यायची आहे.”

योजनेचे सार या दोन वाक्यांत आले. ज्याची होती ती वेडीवाकडी जमीन म्हणजे ‘मूळ खंड’, आणि कपातीनंतर मिळतो तो चौकोनी, रस्त्याला लागलेला ‘अंतिम खंड’. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्यात या कपातीचा ठोकताळा दिलेला आहे: शंभरातले सुमारे पंधरा भाग रस्त्यांना, पाच बागा व मैदानांना, पाच शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींना, पंधरा भाग विकून खर्च भागविण्याकरिता, आणि दहापर्यंत दुर्बळ घटकांच्या घरांकरिता. योजनेप्रमाणे हे प्रमाण कमीअधिक होते. आमच्या गावी एकंदर कपात शेकडा चाळीस होती. आमच्या चार हजार चौरस मीटरांतून चोवीसशे उरणार होते.

शेकडा चाळीस हा आकडा ऐकताच सभेत गलका झाला. तो आम्हांसही अस्वाभाविक वाटला नाही. परंतु हिशेब नीट मांडला म्हणजे त्याचे दुसरे अंग दिसते. समजा, योजनेपूर्वी जमिनीचा भाव चौरस मीटरला पाचशे रुपये होता. चार हजार मीटरांचे वीस लाख झाले. योजनेनंतर भाव पंधराशे झाला, तर उरलेल्या चोवीसशे मीटरांचे छत्तीस लाख होतात. कापलेल्या सोळाशे मीटरांची भरपाई जुन्या भावाने आठ लाख मालकाला देणे असते. उलट, अंतिम खंडाची किंमत चोवीस लाखांनी वाढली, त्या वाढीच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे बारा लाखांपर्यंत, मालकाकडून मागण्याचा कायद्याला अधिकार आहे. बारातून आठ वजा जाता मालकाने चार लाख भरायचे. अशा वर्गणीतून आणि राखीव खंडांच्या विक्रीतून रस्ते, गटारे व नळ यांचा खर्च उभा राहतो. ज्या नगरीची तिजोरी रिकामी आहे तिलाही रस्ता बांधता येतो, कारण रस्त्यामुळे वाढणाऱ्या किंमतीतूनच रस्त्याचे मोल वसूल होते. अर्थात भाव वाढला तरच हे गणित जमते, हे विसरता कामा नये.

ही युक्ती नवीन नाही. जर्मनीतील फ्रांकफुर्टचे महापौर फ्रान्झ आडिकेस यांच्या पुढाकाराने तेथे १९०२ साली अशा एकत्रीकरणाचा कायदा झाला. १९२३ च्या भूकंपाने व आगीने उद्ध्वस्त झालेले टोकियो याच रीतीने पुन्हा आखले गेले. आपल्याकडे मुंबई इलाख्याने १९१५ साली नगररचना कायदा केला. या विषयावरचा तो भारतातील पहिला कायदा होय, आणि गुजरातने त्याची परंपरा नेटाने चालविली. अहमदाबादभोवतीच्या ७६ किलोमीटर लांबीच्या रिंग रोडची पुष्कळशी जमीन अशाच योजनांतून मिळाली. पूर्वी या योजना वर्षानुवर्षे रेंगाळत. १९९९ च्या दुरुस्तीने मसुदा मंजूर होताच रस्त्यांचा ताबा घेण्याची मोकळीक मिळाली, तेव्हापासून निदान रस्ते तरी लवकर होऊ लागले.

आता घरातली गोष्ट.

आजोबांनी आपल्या मृत्युपत्रात विहिरीकडचा पाव एकराचा तुकडा आमच्या आत्याच्या नावे लिहिला होता. ती तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली होती. त्या तुकड्यात ती वांगी-मिरच्या लावी, आणि कडेच्या पेरूची फळे टोपलीत घालून शहरात विकावयास नेई. मृत्युपत्र ट्रंकेत राहिले. सात-बाऱ्यावर तिचे नाव चढविण्याचे कोणाला सुचले नाही. वडिलांच्या पश्चात उताऱ्यावर आमची व दादांची अशी दोनच नावे लागली. आम्ही शहरात कारकुनी करीत होतो; दुसऱ्यांचे कागद तपासण्यात आमचा जन्म गेला, आणि स्वतःच्या घरचा कागद मात्र आम्ही उघडून पाहिला नाही. हा दोष आम्ही कोणावरही ढकलीत नाही.

सभेहून घरी आल्यावर दादांनी नकाशाची प्रत खाटेवर पसरली. नवा अठरा मीटरांचा रस्ता नेमका विहिरीवरून जात होता. आत्याचा तुकडा जवळजवळ सगळाच त्याखाली आला होता. दादा सुस्कारा टाकून म्हणाले, “आत्याची जमीन रस्त्यात गेली. तिचे नशीब! आता उरली ती आपल्या दोघांची.”

आत्या दारात तांदूळ निवडीत बसली होती. ती एवढेच म्हणाली, “माझे तर नावही नव्हते. राहू द्या.” आणि पुन्हा सुपात पाहू लागली.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. दादा लोभी नव्हते. वडिलांच्या मागे त्यांनीच घर ओढले होते, आणि आत्याला त्यांनी कधी उपाशी ठेवले नव्हते. पण त्यांच्या बोलण्यात काहीतरी चुकत होते, ते पहाटेपर्यंत सापडेना. मग साहेबांचे वाक्य आठवले: कोणाचेच शेत जागेवर राहिलेले नाही.

सकाळी आम्ही म्हणालो, “दादा, काल शाळेत तुम्ही विचारलेत, आमचे शेत गेले कोठे. साहेबांनी काय सांगितले? रस्ता ज्याच्या शेतावर पडला त्याने एकट्याने सोसायचे नाही. सगळ्या गावाने शेकडा चाळीस सोसायचे. समजा, रस्ता तुमच्या वाट्यावरून गेला असता, आणि गावाने म्हटले असते की, दादांची जमीन गेली, त्यांचे नशीब, तर तुम्ही ऐकून घेतले असते काय? जो न्याय आपण गावाकडून घेतो, तो घरात आत्याला नाकारायचा कसा?”

दादा पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. चहा निवून गेला. मग ते उठले, ट्रंक उघडली व मृत्युपत्र बाहेर काढले. “कचेरी किती वाजता उघडते?” एवढेच त्यांनी विचारले.

मसुदा जाहीर झाल्यापासून हरकती देण्यास एक महिन्याची मुदत असते. त्या महिन्यात आमचे किती हेलपाटे झाले त्याची गणती नाही. फेरफाराची नोंद झाली, हरकतीचा अर्ज दिला, आणि पुढे नगररचना अधिकाऱ्यांपुढील सुनावणीत मृत्युपत्र दाखविले. अखेर दोन अंतिम खंड निघाले. आत्याच्या हजार मीटरांचे सहाशे, आणि आम्हां दोघां भावांच्या तीन हजारांचे अठराशे. कपात सर्वांना सारखीच, शेकडा चाळीस.

एवढ्यावरून ही योजना म्हणजे सर्व दुःखांवरचे औषध आहे, असे वाचकांनी समजू नये. खंड म्हणजे शेत नव्हे. अंतिम खंडात कोणी भात लावीत नाही, आणि ज्याच्या हातांना नांगराची सवय त्याच्या हाती जमिनीचा वाढलेला भाव देऊन त्याची सकाळ भरत नाही. दादा त्यानंतर कित्येक वर्षे पहाटे उठून उगीचच अंगणात उभे राहत. आमच्या शेतात निंदणीला येणाऱ्या बायांची नावे कोणत्याच उताऱ्यावर नव्हती. त्यांना खंड मिळाला नाही, त्यांची रोजी मात्र गेली. शिवाय सारखी कपात म्हणजे सारखाच भार असेही नाही. दहा एकरांतून चार देणारा आणि दहा गुंठ्यांतून चार देणारा हे एकाच तराजूत बसत नाहीत. २००१ च्या भूकंपानंतर भुज शहर नव्याने आखताना हे ओळखले गेले. तेथे अगदी लहान जागांतून काहीच कापले नाही आणि जागा मोठी तशी कपात मोठी ठेवली.

आंध्र प्रदेशात अमरावती या नव्या राजधानीकरिता २०१५ पासून शेतकऱ्यांनी तीस हजारांहून अधिक एकर जमीन एकत्र केली. तेथे खंड हाती येईपर्यंत दहा वर्षे एकरी वार्षिक रक्कम, आणि भूमिहीन कुटुंबांना महिना अडीच हजार रुपये निवृत्तिवेतन देण्याचे ठरले. हा विचार चांगला होता. पण २०१९ साली सरकार बदलले, राजधानीचे काम थांबले, आणि ते २०२४ नंतरच पुन्हा सुरू झाले. जमीन एका दिवसात देता येते. शहर उभे राहण्यास मात्र दिलेला शब्द वर्षानुवर्षे पाळावा लागतो.

म्हणून शहराच्या कडेला राहणाऱ्या आमच्या वाचक कुटुंबांना आमचे एवढेच सांगणे आहे. मोजणीदार येण्याची वाट पाहू नका. आजच ट्रंक उघडा. उताऱ्यावर कोणाची नावे आहेत आणि कोणाची असावयास हवी होती ते पाहा. विशेषतः घरातील बहिणी, आत्या व विधवा यांची. योजना ज्याचे नाव कागदावर आहे त्यालाच ओळखते. माणूस ओळखणे हे घरच्यांचे काम आहे.

आज आत्याच्या खंडावर तिच्या मुलाची पिठाची गिरणी आहे. खंडाचा कागद हाती आला त्या दिवशी आम्ही तिला नव्या रस्त्यावर नेले होते. विहीर बुजली होती, पेरू तुटला होता. जेथे तो होता त्या जागी ती क्षणभर उभी राहिली व म्हणाली, “म्हणजे या रस्त्यात आता तुमचीही जमीन आहे ना?”

“होय आत्या,” दादा म्हणाले, “सगळ्यांचीच आहे.”

“मग ठीक,” असे म्हणून तिने पदर सावरला आणि ती रस्त्याने पुढे चालू लागली.