दादाला ट्रस्टी का करता आलं नाही

फ्रीमाँटला घर घेतलं तेव्हाच लिव्हिंग ट्रस्ट करायचं आम्ही ठरवलं होतं. ओळखीतले एक काका अचानक गेले होते. घर त्यांच्या एकट्याच्या नावावर, आणि ते वारसाच्या नावावर व्हावं म्हणून लेक प्रोबेट कोर्टात हेलपाटे घालत होती. कॅलिफोर्नियात प्रोबेटची वकील-फी कायद्यानेच ठरलेली आहे आणि ती घराच्या पूर्ण किमतीवर लागते, कर्ज वजा न करता. दहा लाख डॉलरच्या घरावर २३,००० डॉलर वकिलाला, आणि कारभार पाहणाऱ्यालाही तेवढेच घेता येतात. हयातीतच घर ट्रस्टच्या नावावर केलं की हे टळतं. जिवंतपणी ट्रस्टी आपणच असतो.

वकीलबाईंनी मात्र आधी पासपोर्टांची चौकशी केली. आम्हा दोघांचेही भारतीय, एच-वन-बी व्हिसा, ग्रीन कार्डाच्या रांगेत. मुलं तेवढी इथली नागरिक. आमच्या पश्चात ट्रस्टी म्हणून आम्ही नाशिकच्या दादाचं नाव लिहिलं होतं. बाईंनी त्या नावावर पेन टेकवलं. "हे नको," म्हणाल्या. ट्रस्टचे महत्त्वाचे निर्णय परदेशस्थ परकीय व्यक्तीच्या हाती गेले, तर इथला करकायदा तो ट्रस्टच परदेशी मानतो. मग वेगळी विवरणपत्रं भरा, आणि ती राहिली तर जबर दंड.

हे दादाला सांगणं जिवावर आलं होतं. बाबा गेल्यावर सात-बारापासून बँकेच्या खात्यांपर्यंत सगळं त्यानेच निस्तरलेलं. "म्हणजे माझ्यावर भरवसा नाही?" त्याने विचारलंच. मी कायदा समजावत राहिले, तो नुसता हं हं करत होता. शेवटी वहिनीने फोन घेतला. "पैशाचं कुणीही बघू दे गं. पोरं आमच्याकडेच येणार ना?"

मला घोर होता तो त्याचाच. मुलांचे पालक मृत्युपत्रात नेमायचे असतात, ट्रस्टमध्ये नव्हे. तिथे दादा-वहिनीचीच नावं घातली. त्यांना व्हिसा मिळून ते इथे पोचेपर्यंत मुलं कुणा परक्याकडे जाऊ नयेत, म्हणून जवळच राहणाऱ्या मैत्रिणीला तात्पुरती पालक केलं. ती नागरिक आहे, ट्रस्टीही तीच झाली.

वारसा कराचं प्रकरण आम्हाला पूर्ण नवं होतं. अमेरिकेत कायमचं राहण्याच्या इराद्याने वास्तव्य असेल तर २०२६ मध्ये दीड कोटी डॉलरपर्यंत हा केंद्रीय कर नाही. तसं वास्तव्य नसलेल्या परकीयाला मात्र इथल्या मालमत्तेवर सूट फक्त ६०,००० डॉलरची, पुढे ४० टक्क्यांपर्यंत कर. नवरा-बायकोत कितीही मालमत्ता करमुक्त जाते, ही सवलत मागे राहणारा जोडीदार नागरिक असेल तरच. आमच्यासारख्यांसाठी क्यूडॉट नावाचा खास ट्रस्ट असतो. त्यात कर माफ होत नाही, पुढे ढकलला जातो. त्याचं कलम बाईंनी घालून ठेवलं. निवृत्तीनंतर पुण्यात राहायचं आणि इथलं घर भाड्याने द्यायचं, हा बेत माझा नवरा कौतुकाने सांगत होता. तसं झालं तर आम्ही साठ हजारांच्या गटात जाऊ. अमेरिकी कंपन्यांचे शेअर पुण्यात बसून घेणारेही त्याच गटात येतात, हे आमच्या नातेवाइकांत कुणालाच ठाऊक नव्हतं.

मृत्युपत्राच्या मसुद्यात पहिलंच वाक्य होतं, "याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द." त्या वाक्याने आम्ही नाशिकच्या फ्लॅटसाठी केलेलं मृत्युपत्रही गेलं असतं! ते भारतातल्या मालमत्तेपुरतं वगळून घेतलं.

घराच्या दस्तावर सही करताना नोटरीने आपल्या वहीत उजव्या अंगठ्याचा ठसाही घेतला. तो दस्त काउंटीत नोंदवला गेला तेव्हा कुठे घर ट्रस्टमध्ये नेण्याचं काम पुरं झालं. नुसत्या ट्रस्टच्या फाइलने ते होत नाही.

परदेशात असाल आणि मुलं लहान असतील, तर बाकीचं सावकाश करा. पण पालकांची नावं मृत्युपत्रात लिहून दोन साक्षीदारांसमोर सही याच महिन्यात करा.